"त्यानेही कॉलेज सोडलंच ना?"

न्यू जर्सीतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो : मुलगा हुशार आहे, कॉलेजात आहे, पण म्हणतो अभिनयच करायचा. नको म्हणावं तर दुरावतो, हो म्हणायला धीर होत नाही.

असंच एक कुटुंब आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा 19 वर्षांचा, कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला. आई म्हणाली, "ताई, तुम्हीच समजवा याला." बाबा गप्प. मुलाचं उत्तर तयार होतं, "हॉलिवूडचा हिरो टिमोथी शालामे, त्यानेही कोलंबिया युनिव्हर्सिटी वर्षभरात सोडली."

ते खरंच आहे. मी म्हटलं, "मग त्याच्या आधीचंही बघू." शालामे 1995 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आई ब्रॉडवे या तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवर नाचलेली. घर मॅनहॅटन प्लाझा या इमारतींच्या संकुलात. 1977 पासून तिथली बहुतेक घरं रंगकर्मींसाठी राखीव आहेत आणि भाडं उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के. म्हणजे काम नसलेल्या महिन्यांतही घर टिकतं. लहानपणी जाहिराती, मग लाग्वार्डिया ही कलांसाठीची सरकारी शाळा, शाळेत असतानाच 2012 साली 'होमलँड' मालिका. कोलंबिया सोडल्यावर तो एनवाययू, म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या गॅलाटिन विभागात गेला, जिथे विद्यार्थी आपला अभ्यासक्रम स्वतः आखतो. पुढे तेही सुटलं, हे मी मुलापासून लपवलं नाही. 2018 साली, 22 व्या वर्षी, ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा त्याच्या गाठीशी एवढं सगळं होतं.

तेवढ्यात बाबा बोलले. "त्याला व्हिसाची काळजी नव्हती." खरी गाठ इथे होती. बाबा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या रांगेत. मुलगा एच-4 या कुटुंबीयांच्या व्हिसावर, म्हणजे मोबदल्याचं काम करायची परवानगी नाही आणि 21 पूर्ण होताच तो दर्जाही संपणार. मग इथे राहायचा नेहमीचा मार्ग म्हणजे एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा, त्यासाठी पूर्णवेळ शिक्षण हवंच. ही भीती त्यांनी घरात कधी उच्चारली नव्हती. मुलगा इतकी वर्षं समजत होता की बाबांना नाटकाची लाज वाटते. मला वाटतं, आपल्या घरांमध्ये व्हिसाचं ओझं मुलांपासून लपवण्यात माया असते, पण त्यातून गैरसमजच वाढतात.

मग बोलणं सोडण्यावरून बदलण्यावर आलं. एफ-1वर पदवी झाली की त्याच विषयात वर्षभर काम करता येतं. म्हणून नाटक हाच पदवीचा विषय करता येईल का, हे बघायचं ठरलं. इमिग्रेशन वकिलाला विचारायचे प्रश्न मुलाने स्वतः लिहून काढले.

आता तो नाटक आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकतो, कॉलेजच्या रंगमंचावर विनामोबदला काम करतो. पदवीनंतर न्यूयॉर्कला जायचं म्हणतो. बाबांनी त्याला अजून होकार दिलेला नाही.