खाऱ्या हवेतली जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची शेवरोले फॉरेस्टर आहे. पुढचे टायर झिजले म्हणून दोनच नवे घातले. तेव्हापासून अंगणातून रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटते. मिस्त्री म्हणतात की क्लच प्लेट गेली आहे. खरे काय असावे? (चिपळूण)

उत्तर : क्लच प्लेटवर पैसे घालण्याआधी टायर मोजावेत. आपली गाडी नावाने शेवरोले असली तरी मुळात सुबारू या जपानी कंपनीची आहे आणि तिची चारही चाके सतत इंजिनाला जोडलेली असतात, म्हणजेच ती ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलीमीटर खोल असते. मागचे टायर ३ मिलीमीटरवर आले असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या परिघात सुमारे ३१ मिलीमीटरचा फरक पडतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, परंतु दर किलोमीटरला लहान चाकांना सातेक फेऱ्या जास्त माराव्या लागतात आणि तो सगळा ताण मधल्या डिफरन्शियलमधील (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीतील) व्हिस्कस कपलिंगवर, म्हणजे घट्ट द्रवाने पुढची-मागची चाके जोडणाऱ्या भागावर, येतो. कपलिंगमधला सिलिकॉनचा द्रव तापत राहतो, कालांतराने कपलिंग कायमचे घट्ट होते आणि मग वळणावर चाके एकमेकांशी भांडू लागतात. सुबारूच्या सूचनेनुसार चारही टायरच्या परिघात सव्वासहा मिलीमीटरहून अधिक फरक नसावा. नक्षीच्या खोलीत सांगायचे तर जेमतेम एक मिलीमीटर.

परीक्षा घरच्या घरी करता येते, मात्र अंगणातल्या खडीवर नव्हे, कारण तिथे चाके घसरतात आणि दोष झाकला जातो. कोरड्या, सपाट डांबरी जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश गोल फिरावे. गाडी थबकत, हिसके देत चालली तर दोष क्लचचा नाही. आधी एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे चार टायर घालून पाहावेत. त्यानंतरही अडखळणे राहिले, तरच कपलिंग उघडण्याचा विचार करावा. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली, तर चारही टायर सारखेच झिजतात. कोरी करकरीत स्टेपनी लावून कुंभार्ली घाट चढू नये, ती पंक्चर काढणाऱ्यापर्यंतच न्यावी. गाडी बंद पडून उचलून न्यावी लागली, तर चारही चाके वर घेणारा सपाट ट्रकच मागवावा. दोन चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास होणारे नुकसान टोइंगच्या बिलाहून कितीतरी मोठे असते.

प्रश्न : आमचे घर गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. दर पावसाळ्याआधी गाडीला खालून काळे कोटिंग मारून घेतो, तरी पत्रा सडतोच. शिवाय पाहुणे आले की मुले वाळूत गाडी घालतात. चारही चाकांना ताकद असल्यावर त्यात काय धोका?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे जीप नव्हे. वॅगनचे, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेल्या अशा मोटारीचे, पोट खाली असते, टायर रस्त्याचे असतात आणि ओल्या वाळूत चाक एकदा फिरत राहिले की गाडी पोटावर बसते. भरती काही आपली वाट पाहत नाही. गाडी बाहेर निघाली तरी गोष्ट संपत नाही, कारण तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारे पाणी सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या बारीक नळीतून) आत ओढले जाते. असे झाले असल्यास डिफरन्शियलचा बोल्ट किंचित सैल करून तेल पाहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर त्याच दिवशी बदलावे.

आता गंजाविषयी. काळे कोटिंग स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर मारले तर उपयोगाचे असते. गंजावर मारले तर मीठ आणि ओल दोन्ही आतच कोंडतात. मीही एका गाडीला तसे करून घेतले होते. दोन पावसाळ्यांनंतर मागच्या चाकाच्या कमानीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकली, तेव्हा खणखणीत आवाजाऐवजी पुठ्ठ्यासारखा बद आवाज आला आणि पुढच्या ठोक्याला कोटिंगसकट पापुद्रा हातात आला. वरून सगळे काळेभोर, गुळगुळीत होते. तेव्हापासून मी एप्रिलमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन आधी गोड्या पाण्याने खालची बाजू धुतो, दोन-तीन दिवस उन्हात कोरडी होऊ देतो, गंज घासून प्रायमर लावतो आणि पोकळ भागांत मेणासारखे पातळ संरक्षक द्रव्य फवारून घेतो. दारांच्या आणि उंबरठ्याच्या तळाशी पाणी निघण्याची बारीक भोके असतात. ती जांभ्याच्या तांबड्या मातीने बुजतात, म्हणून तारेने मोकळी करावीत. मागच्या शॉक-अब्सॉर्बरच्या वरची बैठक, ब्रेकचे पाइप आणि पेट्रोल भरण्याची नळी या तीन जागा हाताने चाचपल्याशिवाय गाडी लिफ्टवरून उतरवू नये.

प्रश्न : मी मुंबईत असतो आणि गाडी मालवणजवळ गावी असते. मे संपला की थेट गणपतीतच ती चालू होते. काकांना आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करायला सांगितले आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे तर नाहीच, उलट त्याने नुकसान होते. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि तो आतून गंजतो. काकांनी पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधले तेलही फिरते. ते शक्य नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडी शांत उभी ठेवावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडी चिरा लावावा. टाकी भरलेली असावी, कारण सध्याच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओलावा ओढून घेण्याची सवय असते आणि रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा जास्त मिळते. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या दरवर्षी तपासाव्यात.

ताडपत्रीत गाडी गुंडाळू नये, आतून घाम सुटतो. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या असलेली खोप सर्वांत चांगली. फणसाखाली गाडी लावत असाल, तर काचेच्या खालच्या जाळीत पाने अडकून पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरते. उंदरांचा बंदोबस्त काकांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

प्रश्न : एक लाख किलोमीटर झाले आहेत. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद नाही. (दापोली, फॉरेस्टर)

उत्तर : नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असे धरावे आणि आधी तेच काम करावे. हा पट्टा इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखतो; तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर (पट्टा ताणून धरणारा भाग आणि त्याला वळण देणाऱ्या पुली) आणि वॉटर पंपही बदलावा, कारण मजुरी तीच पडते. शेवरोले गाड्या विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली असली तरी सुटे भाग सुबारूचेच लागतात, म्हणून चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मागवावेत.

प्रश्न : गाडीला वीस वर्षे झाली. आता ती भंगारातच काढावी लागेल असे सगळे सांगतात. (सावंतवाडी)

उत्तर : पेट्रोलला १५ वर्षे आणि डिझेलला १० वर्षे ही मर्यादा दिल्ली परिसरापुरती आहे, ती इकडे लागू नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. त्यासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. आयात गाड्यांचा दर याहून बराच चढा आहे, म्हणून नोंदणी पुस्तिकेत आपली गाडी कोणत्या वर्गात दाखवली आहे ते आरटीओत जाण्याआधी वाचून घ्यावे. आणि तपासणीला नेण्याआधी गाडी खालून धुऊन न्यावी, चिखलाखालचा तेलाचा ओघळ निरीक्षकाआधी आपल्याला दिसलेला बरा.