अ‍ॅसिड-बेस शिकवायचंय? आधी सोलं भिजत घाल

अगं, सातवीला अ‍ॅसिड-बेस घेणार आहेस ना, मग लिटमस पेपर कधी येतो त्याची वाट बघत बसू नकोस, घरची चार सोलं, म्हणजे आमसुलं, रात्री पाण्यात टाक, सकाळी लालभडक पाणी तयार. बाकाबाकावर एकेक वाटी दे आणि खायचा सोडा मुलांनाच चिमूट चिमूट टाकू दे, आधी फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड, मग लाल जाऊन जांभळट-काळपट होत जातं. उत्तर आधी सांगू नकोस हां, "आता लिंबू पिळलं तर?" एवढंच विचार आणि गप्प रहा, कालवा होईल, होऊ दे. जास्वंदीचं पाणी पण चालतं, ते सोड्याने हिरवं होतं. सोड्याऐवजी बेस म्हणून चुन्याची निवळी घेतलीस तर ती मात्र तूच हाताळ, डोळ्यात उडाली तर वाईट.