टर्बो ट्रकला वॉटर इंजेक्शन बसवलं तर ते किती भरवशाचं असतं?

तुमचा प्रश्न असा की २०१४ चा टर्बो ट्रक आहे, लोडवर घाट चढताना दम तोडतो, टेम्परेचरचा काटा वर जातो, आणि किटवाला म्हणतोय वॉटर इंजेक्शन बसवा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचा बारीक फवारा मारा, इंजिन थंड राहील, एव्हरेज पण वाढेल. तर हे भरवशाचं आहे का आणि किती दिवस टिकतं.

एव्हरेजचं आधी निपटवतो. नाही वाढत. पाणी जळत नाही. जळणारं पाणी विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. बाकीच्यावर मी बोलू शकतो कारण २०१६ च्या मे महिन्यात आमच्या घरच्या गाडीवर ही सिस्टीम मी स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि तेव्हापासून इंदूरच्या रामबागेतल्या प्रत्येक लग्नमुंजीत नानाकाका एकच गोष्ट सांगतात, की या पुतण्याने इंजिनात पाणी घातलं आणि पिस्टन वितळवला. अर्धं खोटं आहे हे. आज लिहूनच टाकतो.

गाडी टाटा २५१८, कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलेंडर, टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोने दाबून गरम झालेली हवा थंड करणारी जाळी), डिझेलचा पंप मेकॅनिकल. भिवंडीहून माल भरून इंदूर. हा रस्ता उन्हाळ्यात केलेल्याला सांगायला नको, शिरपूर सुटलं की बिजासन घाट, मग सेंधवा, जुलवानिया, ठीकरी, खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोद, आणि तिथून गणपती घाट, मानपूर येईपर्यंत गाडी चढतेच आहे. मे महिन्यात निमाडात दुपारी ४४ डिग्री. उस्ताद, म्हणजे आमचे ड्रायव्हर, प्रत्येक फेरीला येऊन सांगायचे की गणपती घाटात गाडी रडते आणि काटा लालच्या तोंडाशी जातो.

रेडीमेड किटची किंमत ऐकून काका हसले, म्हणून मी ते आरओच्या सामानातून बनवलं. ऐकायला भंगार वाटेल पण डोकं लावून केलं होतं भिया. घरच्या आरओचा बूस्टर पंप २४ व्होल्ट डीसीवर चालतो, ट्रकची बॅटरी पण २४ व्होल्ट. पंप १०० पीएसआयच्या आसपास देतो, टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वीस-पंचवीस, म्हणजे बूस्टच्या उलट पाणी ढकलायला जोर भरपूर. नोझल नर्सरीवाले फॉगरला लावतात तो पितळी, भोक अर्ध्या मिलिमीटरचं. बूस्ट चढला की पंप चालू करणारा प्रेशर स्विच, वीस लिटरचा डबा, आणि डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा, पंप चालला की लागणारा. त्या दिव्यावर नंतर येतो.

नोझल मी इंटरकूलरच्या नंतरच्या पाईपात बसवला. टर्बोच्या आधी बसवा सांगणारे पण भेटतात, त्यांना टर्बोचा पंखा लाखाच्या आसपास आरपीएमने फिरतो आणि त्या वेगात पाण्याचा मोठा थेंब ॲल्युमिनियमला खडीसारखा लागतो हे कोणी सांगितलेलं नसतं.

आता पाणी करतं काय, तर जे आपला खसचा कूलर करतो तेच. एक ग्रॅम पाणी वाफ होताना ५४० कॅलरी ओढून घेतं. डिझेल इंजिनात त्यामुळे जळतानाचं टेम्परेचर खाली येतं, एक्झॉस्ट थंड राहतो, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, मोठ्या जहाजांच्या इंजिनांत याच्यासाठीच पाणी वापरलंय. पण ताकद पाण्याने येत नाही. पेट्रोल इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) थांबतं म्हणून बूस्ट वाढवता येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ विमानात अर्धं पाणी अर्धं मेथेनॉल असं एमडब्ल्यू ५० मारायचे ते ह्याच्यासाठी, आणि ते सुद्धा एका वेळी १० मिनिटंच. डिझेलवाल्याला ताकद हवी तर डिझेलच जास्त टाकावं लागतं.

आणि सगळा घोळ इथेच आहे. डिझेल न वाढवता नुसतं पाणी मारलं तर सिस्टीम चालू राहिली काय नि बंद पडली काय, गाडीला फार फरक पडत नाही, मग खर्च कशाला. आणि पाण्याच्या जोरावर डिझेल वाढवलं, तर पाणी बंद पडलं त्याच मिनिटापासून इंजिन जळायला लागतं आणि उस्तादाला काही कळत नाही, उलट गाडी मस्त ओढत असते. म्हणून किती वर्ष टिकतं हे विचारूच नका. बंद पडलं की कोणाला कसं कळणार, ते विचारा.

पहिल्या फेरीत आरओची पांढरी पायपी इंजिनच्या गरमीने मऊ पडून कनेक्टरातून निसटली. ती काढून एअर ब्रेकची नायलॉन पाईप टाकली, तो विषय संपला. पुढच्या दोन फेऱ्या चांगल्या गेल्या, काटा जरा खाली राहिला, किंवा मला तसं वाटलं. काका खूश. इतके खूश की मला न सांगता गाडी इंजिनच्या डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडे नेली आणि डिझेल वाढवून आणलं. हे मला कधी कळलं? इंजिनचं हेड उतरल्यावर. डिझेल पंपाच्या स्क्रूवरचं सील तुटलेलं, बाजूला ताज्या पान्याच्या खुणा. लग्नात हा भाग कधी ऐकला नाही मी.

चौथ्या फेरीला गणपती घाटात आधी काळा धूर, मग पांढरा, मग ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, भकाभका. टोचन करून गाडी इंदूरला आणली, मिस्त्रींनी हेड काढलं तर एका पिस्टनचा काठ उंदराने पोळी कुरतडावी तसा खाल्लेला. पाण्याचा पंप तपासला, ठणठणीत. डब्यात पाणी होतं. फ्यूज शाबूत. मग मी नोझल काढून उजेडाकडे धरला तर आरपार काही दिसेना. तोंडाशी पांढरा खडा, गीझरच्या कॉइलवर जमतो तसा. समोरच्या टपरीवरून लिंबू आणलं, स्टीलच्या वाटीत पिळलं आणि नोझल त्यात सोडला, तर बारीक बुडबुडे यायला लागले, आवाजासकट. काका बघत होते.

काका म्हणाले, नर्मदेचं पाणी भरायला सांगितलं होतं मी, नर्मदा मैय्याच्या पाण्याने कधी काही चोक होत नाही. आता यावर काय बोलणार, मशीनचा वाद देवावर गेला की संपला. इंदूरला नर्मदेकाठच्या जलूदहून वर चढवून नर्मदेचं पाणी येतं ते प्यायला उत्तम आहे, पण क्षार त्यात पण असतात. आणि उस्ताद दर वेळी नर्मदेचं शोधत बसणार होते थोडेच, ढाब्यावर बोअरिंगला नळी लावायची आणि डबा भरायचा. आरओवाल्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून डब्यातलं पाणी मोजलं, लिटरमागे ८५० मिलिग्रॅम आलं. म्हणजे वीस लिटरच्या एका डब्यात १७ ग्रॅम क्षार. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही, ते नोझलच्या तोंडाशी बसतात नाहीतर आत इंजिनात जातात. बोअरिंगवर चालणाऱ्या कूलरची खस जूनमध्ये कशी पांढरी कडक होते बघा. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर सोडून दुसरं काही चालत नाही, आणि ते हायवेवर रात्री दोन वाजता मिळत नाही, आणि मिळालं तरी क्लीनर ते विकत घेणार नाही, बिल लावेल फक्त.

अमेरिकेत १९६२ ला ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो कार निघाली होती, तिच्यात टर्बो रॉकेट फ्लुइड म्हणून पाणी-मेथेनॉलची बाटली होती. लोक ती भरायचेच नाहीत. पण त्यांनी एवढं तरी केलं होतं की बाटली रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा, गाडी मरगळायची पण वाचायची.

तर माझा हिरवा दिवा. तो मी पंपाच्या वायरवरून घेतला होता. पंपाला करंट मिळतोय एवढंच तो सांगायचा, पाणी जातंय का हे नाही. उस्ताद घाटभर हिरवा दिवा बघून निवांत होते. ही चूक माझी, काकांची नाही, हे इथे लिहितो, घरी नाही सांगणार. लावायचा तर नोझलच्या आधी फ्लो सेन्सर लावायला हवा होता आणि एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या आधी टेम्परेचर मीटर, ७०० डिग्रीच्या पुढे गेलं की पाय काढायचा. मीटर आता आमच्या दोन्ही गाड्यांना आहे, पाणी एकालाही नाही.

बाकी, चांगलं किट, फ्लो सेन्सर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, डिस्टिल्ड वॉटर, मालक स्वतः चालवतो, असं असेल तर ही सिस्टीम चालते, रेसिंगवाले वर्षानुवर्ष चालवतात, मी नाही म्हणत नाही. टाकी नोझलच्या वर लावू नका एवढं लक्षात ठेवा, व्हॉल्व्ह गळला तर उभ्या गाडीत पाणी सिलेंडरमध्ये उतरतं आणि सकाळी सेल्फ मारला की रॉड वाकतो. आणि ॲडब्लूच्या टाकीशी याची गल्लत करू नका, तो युरिया एक्झॉस्टमध्ये जातो, हे पाणी इंटेकमध्ये.

तुमचा ट्रक घाटात दम का तोडतो हे मात्र किटवाल्याने बघितलंच नसणार. आधी एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे सगळे होज साबणाचं पाणी लावून बघा, कुठे बुडबुडा येतोय का. आणि इंटरकूलर खाली उतरवा. जागेवर ठेवून पुढून धुतला तर काही उपयोग होत नाही.

आमचं इंजिन बांधताना मिस्त्रींनी उतरवला तेव्हा इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतून बोटभर जाडीची गोधडी निघाली. सेंधव्याकडच्या जिनिंगचा कापूस, धूळ आणि मेलेले किडे, सगळं दाबून दाबून फेल्टसारखं झालेलं. हवा जात नव्हती तर गाडी गरम होणारच, पाणी मारा नाहीतर गंगाजल. धुवून बसवला, पंपाचं डिझेल मूळ सेटिंगला आणलं, आणि पुढच्या फेरीत काटा गणपती घाटात अर्ध्याच्या जरासा वर जाऊन तिथेच थांबला. ती गोधडी काकांनी स्वतःच्या हाताने उचलून बाहेर टाकली होती. विचारलं तर म्हणतात, कसला कापूस.