विंडोज ११ टाकताना दुकानदाराने जुने फोटो पुसले. भरपाई मिळेल का?

प्रश्न : मी मिरजेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. विंडोज १० ला मिळणारे अपडेट बंद होणार म्हणून लॅपटॉपवर विंडोज ११ टाकून घेण्यासाठी तो कोल्हापूरच्या एका दुकानात दिला. दुकानदाराने नवी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरला जाणारा वेगवान ड्राइव्ह) बसवून त्यावर विंडोज ११ टाकले आणि जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपमध्येच ठेवली, पण ती फॉरमॅट करून टाकली. तिच्यावर २००६ पासूनचे घरचे सगळे फोटो होते आणि माझ्या दिवंगत यजमानांचे बहुतेक फोटो फक्त तिथेच होते. लॅपटॉप देताना मी व्हॉट्सॲपवर ‘फोटो फार महत्त्वाचे आहेत, जाऊ देऊ नका’ असे कळवले होते आणि त्यावर ‘हो मॅडम, काळजी नको’ असे उत्तर आले होते. ४,८०० रुपये मी यूपीआयने दिले. आता दुकानदार पावतीच्या मागे इंग्रजीत छापलेली ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ ही ओळ दाखवतो आणि ‘लॅपटॉप पुन्हा आणा, सॉफ्टवेअर लावून बघतो’ असे म्हणतो. मी काय करावे? पोलिसांत जावे का? किती भरपाई मागता येईल?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम उलट क्रमाने देत आहे, कारण तक्रार दाखल करण्यासाठी कायद्याने आपल्याला दोन वर्षे दिली आहेत, पण त्या डिस्ककडे तेवढा वेळ नाही. फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरून फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. त्यांची नोंद पुसली जाते आणि ती जागा रिकामी समजून संगणक तिथे नवे काही लिहू लागेपर्यंत जुना मजकूर बहुधा तसाच राहतो. म्हणून हे वाचत असाल त्या क्षणी लॅपटॉप बंद करावा, जाणकाराकडून जुनी डिस्क बाहेर काढून घ्यावी आणि ती पुन्हा कोणत्याही संगणकाला जोडू देऊ नये. फॉरमॅट ‘क्विक’, म्हणजे फक्त नोंद पुसणाऱ्या झटपट प्रकारचे असेल तर आशेला बरीच जागा आहे. ते पूर्ण फॉरमॅट असेल, तर विंडोज व्हिस्टापासूनच्या सर्व आवृत्त्या डिस्कभर शून्ये लिहितात आणि मग फोटो परत मिळणे जवळजवळ अशक्य होते. फोटो जुन्या हार्ड डिस्कवर होते हे त्यातल्या त्यात बरे, कारण एसएसडीवर पुसलेली माहिती ड्राइव्ह स्वतःच लवकर साफ करून टाकतो.

दुकानदाराकडे लॅपटॉप पुन्हा देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. त्याच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही, परंतु ही डिस्क म्हणजे आपल्या फोटोंची शेवटची जागा आणि आपल्या तक्रारीचा मुख्य पुरावा, अशा दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत आहेत. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याच हाती ती पुन्हा देऊन तिच्यावर सॉफ्टवेअर चालवू देणे दोन्ही दृष्टींनी धोक्याचे आहे. डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेकडे डिस्क द्यावी, देताना तिचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि मूळ डिस्कवर काहीही न लिहिता आधी तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवरच काम करावे, अशी लेखी सूचना द्यावी. काम झाल्यावर फोटोंबरोबर लेखी अहवालही मागावा. विंडोजच्या नेहमीच्या फाइल-रचनेत डिस्क कधी फॉरमॅट झाली याची तारीख-वेळ डिस्कवरच नोंदलेली असते आणि ती वेळ लॅपटॉप दुकानात होता त्या दिवसांतली निघाली, तर ‘डिस्क आधीच रिकामी होती’ असे म्हणायला कोणालाही वाव उरत नाही. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून या अहवालाचे महत्त्व कमी लेखू नये.

फोटोंच्या इतर प्रतीही शोधाव्यात. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर फोटोंचे फोल्डर आपल्या नकळत वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर जात असण्याची शक्यता आहे. जुन्या फोनमधील गुगल फोटोज, नातेवाइकांना पाठवलेली चित्रे, स्टुडिओने दिलेल्या सीडी हेही पाहावे. यामागे कायद्याचेही कारण आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते उपाय उपलब्ध होते याचा विचार होतो, त्यामुळे आपण प्रामाणिकपणे शोध घेतला हे दाखवता आले पाहिजे.

आता हक्काकडे वळू. आपण पैसे देऊन सेवा घेतली, म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली आपण ग्राहक आहात. त्या अधिनियमाच्या कलम २(११) मधील ‘त्रुटी’ या शब्दात निष्काळजीपणाने ग्राहकाचे नुकसान करणे येते, तसेच आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. नव्या एसएसडीवर विंडोज टाकण्यासाठी जुनी डिस्क फॉरमॅट करण्याची काही गरज नव्हती. तरीही ती करायची होती तर आधी आपल्याला विचारणे भाग होते. शिवाय दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूची सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे करार अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे दुकानदारावर बंधनकारक आहे.

पावतीमागच्या ओळीचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे आणि त्याबाबत मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल (कुरिअर कंपनी) या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सही करून स्वीकारलेली जबाबदारी-मर्यादेची अट ग्राहकावर बंधनकारक ठरवली होती. म्हणून दोन गोष्टी आपण तपासून मला कळवाव्यात : पावतीवर आपली सही आहे का, आणि ती पावती लॅपटॉप देताना मिळाली की काम झाल्यावर पैसे देताना. सही नसेल आणि पावती नंतर हाती आली असेल, तर काम उरकल्यावर दाखवलेली अट आधी ठरलेल्या कराराचा भाग होत नाही, हा आपला पहिला युक्तिवाद. दुसरा याहून भक्कम आहे. ग्राहकाने सांभाळायला दिलेल्या वस्तूंबाबत किमान काळजीची जबाबदारी बँकेला एकतर्फी अटी घालून झटकता येणार नाही, असे अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या लॉकरच्या प्रकरणात १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि ग्राहकाला ५ लाख रुपये देवविले. दुकान म्हणजे बँक नव्हे, हे मान्य. पण त्यामागचे तत्त्व आपल्याला मांडता येते. आणि मुख्य म्हणजे ‘बॅकअप ग्राहकाने घ्यावा’ असे म्हणणे वेगळे आणि ‘आम्ही न विचारता पुसू शकतो’ असे म्हणणे वेगळे. आपल्या पावतीवर दुसरे वाक्य कुठेही नाही.

आपल्याजवळचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे तो व्हॉट्सॲपवरचा दोन ओळींचा संवाद. करारभंगातून होणारे नुकसान दोन्ही पक्षांना आधीपासून ठाऊक होते की नाही, यावर कलम ७३ खालील भरपाई बरीचशी अवलंबून असते आणि इथे दुकानदाराला ते ठाऊक होते, इतकेच नव्हे तर त्याने शब्दही दिला होता. तो फोन बदलू नये आणि तो संवाद पुसू नये. त्याच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागेल. त्याचा एक भाग आपण आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मी आज देणार नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीवाचून माहिती नष्ट करण्याचा उल्लेख आहे, पण त्याचा गुन्हा होण्यासाठी कलम ६६ प्रमाणे अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. आपण सांगता त्यात निष्काळजीपणा दिसतो, कपट दिसत नाही. उद्या आपल्या फोटोंची प्रत कुणाकडे गेल्याचे आढळले, तर गोष्ट पूर्णपणे वेगळी होईल आणि तेव्हा एक दिवसही थांबू नये.

दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्यावी. अशी नोटीस सक्तीची नाही, पण तिला आलेले उत्तर, किंवा उत्तर न येणेही, पुढे उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. त्यातून काही निष्पन्न झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दुकान कोल्हापूरला असले तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग चालेल. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. आयोगाची आर्थिक मर्यादा आणि शुल्क सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नव्हे, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कच नाही. वकील नेमण्याचीही सक्ती नाही.

रकमेविषयी. दिलेले ४,८०० रुपये, प्रयोगशाळेचा सगळा खर्च आणि मानसिक त्रासाबद्दलची भरपाई, अशा तीन मागण्या स्वतंत्रपणे मांडाव्यात. ग्राहकाच्या भावनिक यातनांचीही भरपाई देता येते, हे लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालापासून प्रस्थापित आहे. पण त्या यातना आयोगासमोर शब्दांत याव्या लागतात. डिस्कवर साधारण कोणत्या वर्षांचे, कोणत्या प्रसंगांचे फोटो होते आणि यजमानांचे कोणते फोटो इतरत्र कुठेही नाहीत, हे शपथपत्रात सविस्तर लिहावे. पूर्वी त्यातून छापून घेतलेले चार-दोन फोटो जोडावेत. वीस लाखांसारखा आकडा टाकण्याचा मोह टाळावा. मी स्वतः मानसिक त्रासासाठी एक लाखाच्या आसपास मागणी करीन आणि तेवढी पूर्ण मिळेलच असे सांगणार नाही, कारण दुसरी प्रत का ठेवली नव्हती हा प्रश्न आयोग विचारू शकतो.

आयोगाची नोटीस दुकानदाराला मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो. मधल्या काळात आयोगाने त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली मध्यस्थी सुचवली तर ती झिडकारू नये. प्रयोगशाळेचा खर्च दुकानदाराने ताबडतोब देणे हाच पुष्कळदा दोघांच्याही हिताचा तोडगा ठरतो. फोटो परत मिळाले तरी तक्रारीचा हक्क संपत नाही, फक्त तिसरी मागणी कमी होईल. मिळालेले फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावेत आणि मूळ डिस्क प्रयोगशाळेच्या पावतीसह पाकिटात बंद करून, निकाल लागून त्यावरील अपिलाची ४५ दिवसांची मुदत संपेपर्यंत कोणालाही हात लावू न देता जपून ठेवावी.