प्रायमर मारून ठेवलाय, दसऱ्याला रंग करू

मे महिना सरत आला की पत्रं येतात. गाडीचा रंग कुठेतरी खरवडलेला असतो, हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा प्रायमर आणून मारलेला असतो आणि 'आता रंग सवडीने केला तर चालेल ना?' असा प्रश्न असतो. यंदाचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

गेटला लावलेला रेड ऑक्साइड उरलाय. तोच गाडीच्या पत्र्यावर ब्रशने लावला तर? (कोल्हापूर)

नको. त्यावर गाडीचा रंग मारला की थिनरने तो सुरकुततो आणि सगळं पुन्हा खरवडावं लागतं. गेटचं गेटला राहू द्या.

बंपर घासला, आतलं काळं प्लास्टिक दिसतंय. पावसाआधी प्रायमर मारायलाच हवा का? (पुणे)

प्लास्टिक गंजत नाही. दिवाळीनंतर करा, प्लास्टिकचा प्रायमर वापरून करा.

दरवाजाची खालची कड गंजली होती. घासून पुट्टी भरली आणि करड्या स्प्रे प्रायमरचे तीन हात दिले. डब्यावर 'गंजरोधक' लिहिलंय. दसऱ्याच्या पूजेआधी रंग करायचा विचार आहे. तोवर पाऊस सोसेल ना? (देवगड)

नाही सोसणार. हे मी दरवर्षी लिहितो, तरी दरवर्षी ऑक्टोबरात अशा गाड्या माझ्या दारात उभ्या असतात.

स्प्रेच्या डब्यातला साधा प्रायमर बनतो तो वर रंग धरावा आणि पॉलिश पेपरने सहज घासला जावा म्हणून. त्यासाठी त्यात चिकट भाग कमी आणि शंखजिऱ्यासारखी भुकटी जास्त असते. म्हणून तो वाळल्यावर खरखरीत आणि सच्छिद्र राहतो. खात्री करायची असेल तर वाळलेल्या प्रायमरवर पाण्याचा थेंब टाका. रंगावर थेंब गोळा होऊन ओघळतो, प्रायमरवर तो पसरतो आणि खालची जागा गडद होते. टीपकागदच तो. खाली पुट्टी असेल तर तीही पाणी पिते. तुमच्याकडे पाऊस धो धो, वर समुद्राची खारी हवा. ते पाणी पत्र्यापर्यंत पोचतं, मीठ सोबत घेऊन पोचतं आणि गंज प्रायमरच्या खाली पसरतो. वरून काही दिसत नाही, हीच खरी पंचाईत.

मग दसरा येतो. रंगारी वरवर पेपर मारतो, रंग चढवतो, गाडी झकास दिसते. शिमग्यापर्यंत त्याच जागी फुगे येतात आणि शिव्या रंगाऱ्याला बसतात. माझ्याकडे अशी एक जीप आली होती. मालक म्हणाले, आधीच्या माणसाने हलका रंग वापरला. फुगा नखाने फोडला तर आत ओली तांबडी माती. रंगाचा त्यात काही दोष नव्हता.

'गंजरोधक' या शब्दावर तर जाऊच नका. तो डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतो. मागची बारीक अक्षरं वाचा, तिथे बहुतेक वेळा 'यावर रंगाचा थर द्यावा' असंच सापडेल. झिंक फॉस्फेट असलेला प्रायमर गंजाला थोडा आळा घालतो, पण वर पाणी अडवणारा थर नसेल तर तोही किती दिवस पुरणार? बंद गॅरेजात, कोरड्या हवेत चार-आठ दिवस गाडी नुसत्या प्रायमरवर राहिली तर मी हरकत घेणार नाही. चार महिन्यांचा पावसाळा म्हणाल तर साफ नाही.

आता करायचं काय? पाऊस लागायच्या आत कारागिराकडे जा. तेवढी जागा पत्र्यापर्यंत उघडी करून हार्डनरवाला (म्हणजे घट्ट करणारं रसायन मिसळलेला) एपॉक्सी प्रायमर, मग सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग रंग. तेवढा वेळ किंवा पैसा नसेल तर आहे त्या प्रायमरवर, तो कोरडा असतानाच, स्प्रेचा कुठलाही जवळपासचा रंग आणि वर क्लिअर (पारदर्शक थर) यांचे दोन-दोन हात द्या. दिसायला ठिगळ दिसेल, पुढे ते काढावंही लागेल, पण पाणी बऱ्यापैकी अडेल. प्रायमर आधीच भिजला असेल तर त्यावर काहीही चढवू नका. उन्हात सुकवला म्हणून खालचा गंज माघारी जात नाही.

आणखी एक. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून गंजतो. तुमची कड बाहेरून गंजली की आतून, हे आधी कुणा जाणत्याला दाखवा. आतून असेल तर बाहेर प्रायमरचे तीन हात द्या नाहीतर तीस, फरक पडणार नाही.

दुकानदार म्हणतो, एपॉक्सी प्रायमरचा स्प्रे मारला की वर रंगाची गरजच नाही. (वास्को)

दुकानदाराला डबा विकायचा आहे. खरा एपॉक्सी दोन भागांचा असतो आणि हार्डनर मिसळल्यावरच पक्का होतो. स्प्रेमध्ये हवा असेल तर हार्डनरची कुपी आतच असते आणि डब्याच्या बुडाची कळ दाबून ती फोडावी लागते. अशी सोय नसताना नुसतं 'एपॉक्सी' छापलेलं असेल तर तो दोन भागांचा नव्हे. खरा असला तर पाणी चांगलं अडवतो, पण उन्हाने त्यावर खडूसारखी भुकटी धरते, म्हणून वर रंग लागतोच. मध्ये बरेच दिवस गेले तर रंगाआधी घासावाही लागतो. हे डबे घरी वापरू नका असंच मी सांगेन. काही हार्डनरांमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा जडू शकतो आणि नाकावरचा रुमाल त्याला अडवत नाही.

पावसाळी हवेत स्प्रे मारला, वर पांढरट झाक आली. (पनवेल)

हवेतला दमटपणा ओल्या थरावर बसला. कोरड्या दिवशी घासून पुन्हा मारा.

बाइकच्या पेट्रोल टाकीवर नुसता प्रायमर ठेवला तर? (ठाणे)

पेट्रोल सांडलं की तो मऊ पडून निघेल. टाकी गंजून झिरपत असेल तर रंगाचा विषय सोडा, आजच मेकॅनिककडे न्या.

अपघातात फेंडर चेपला. विम्याचा दावा करायचा आहे, तोवर प्रायमर मारू का? (सातारा)

आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरला बघू द्या. तोपर्यंत पत्र्याला हात लावू नका, दोन दिवसांच्या गंजाने काही बिघडत नाही.

जुनी जीप प्रायमरवर आणली आहे. पुढे मिलिटरी हिरवा मारायचा आहे. (नागपूर)

मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 121व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. दुसरा रंग निवडलात तरी आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणून डबा उघडण्याआधी आरटीओत विचारून या.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजलाय. खालून प्रायमर मारून यंदाचा पावसाळा काढता येईल का? (संगमेश्वर)

मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तिथे दाबून बघा. टोक आत गेलं तर ते काम वेल्डिंगचं आहे, प्रायमरचं नाही. ब्रेकचं पेडल तिथेच असतं. गाडी चालवत आणू नका, माणसाला घरी बोलवा.