लग्न पुढे ढकलताना: आधी करार, मग फोन

प्रिय,

तुझा मजकूर वाचला. लग्न परदेशात, तेही चार महिन्यांवर. त्यात घरात मोठी शस्त्रक्रिया ठरलेली आणि दोन्हीकडची माणसं रोज नवं काहीतरी सुचवताहेत. लग्न तेव्हाच करायचं, पुढे न्यायचं की मोडायचं, हा तुम्हा दोघांचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही. तू पैशांचं विचारलंस, म्हणून पैशांचंच लिहितो. आधी हॉटेलांच्या बँक्वेट विभागात आणि नंतर लग्ननियोजकांच्या बाजूने बसून मी असे करार होताना पाहिलेत आणि मोडतानाही.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. तुमचं कारण कितीही खरं असलं, तरी बिल कारणावर ठरत नाही. रद्द कोणी केलं आणि कोणत्या तारखेला केलं, यावर ठरतं. समोरच्या मॅनेजरला वाईट वाटेल, तो तसं मनापासून म्हणेलही, पण त्याच्या संगणकात वाईट वाटण्यासाठी रकाना नसतो.

हॉटेलशी केलेल्या तुझ्या करारात मागच्या पानांवर एक तक्ता असेल. साधारण असा: १८० दिवसांच्या आधी रद्द केल्यास अनामत जप्त, १८० ते ९० दिवसांत एकूण रकमेच्या ५० टक्के, ९० ते ३० दिवसांत ७५ टक्के, त्यानंतर पूर्ण रक्कम. आकडे ज्याचे त्याचे वेगळे असतात, चढण मात्र अशीच असते. हा तक्ता तुझा आहे असं धरलं तर आज तू १२० दिवसांवर, म्हणजे दुसऱ्या पायरीवर आहेस. महिनाभर सगळे ‘बघू, काय होतंय ते’ म्हणत बसले, तर त्या ‘बघू’ची किंमत एकूण रकमेच्या पाव हिस्सा. घरात हे कोणी मोजत नाही. बैठका होतात, रुसवेफुगवे होतात आणि पायरी मागे पडते.

त्या तक्त्यातले ‘एकूण रक्कम’ हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर. बहुतेकांना वाटतं, फार तर काय, ऍडव्हान्स बुडेल. तसं नसतं. ही टक्केवारी भरलेल्या पैशांवर नसून अंदाजित पूर्ण बिलावर असते, आणि त्यात जेवणाखाण्याची किमान हमी रक्कमही धरलेली असते. बिल १०० धर, तुम्ही भरलेत ३०, पायरी ५० टक्क्यांची. म्हणजे ३० तर गेलेच, वर आणखी २० द्यायचे, तेही न झालेल्या समारंभाचे. हॉटेलचं असं मागणीचं पत्र हातात पडलं की लोक मला फोन करतात आणि पहिलं वाक्य असतं, ‘असं कसं मागू शकतात?’ मागू शकतात. खाली तुमची सही असते.

दिवस कसे मोजायचे तेही करारातच असतं. फोनवर सांगितलेलं सहसा मोजलं जात नाही, व्हॉट्सऍपवरचं तर नाहीच. ठरवून दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर लेखी सूचना पोचली, की त्यांच्या गावच्या घड्याळाप्रमाणे तारीख पडते. तू मध्यरात्रीच्या आत पाठवलेला मेल तिथे दुसऱ्या दिवशीचा असू शकतो. पायरी ओलांडायला एवढं पुरतं.

आता ‘कोणी केलं’ याबद्दल. करारातलं दैवी आपत्तीचं कलम वाचून तुला धीर आला असेल. तो धीर जरा आवर. ते कलम चालतं तेव्हा, जेव्हा समारंभ होणंच अशक्य होतं. वादळाने इमारत पडली, सरकारने जमावबंदी केली, सीमा बंद झाल्या, अशा वेळी. या बाबतीत १९०२ सालचा एक जुना दाखला मला नेहमी आठवतो. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. मिरवणूक बघायला लंडनमध्ये लोकांनी रस्त्यालगतच्या खिडक्या, सज्जे, खोल्या भाड्याने घेतल्या. दोन दिवस आधी राजावर पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि सगळं लांबलं. अभिषेक झाला ९ ऑगस्टला. खोल्यांच्या भाड्यावरून खटले उभे राहिले. हेन्री नावाच्या भाडेकरूने ७५ पौंडांपैकी २५ आधी दिले होते, मालकाने उरलेल्या ५० साठी दावा लावला. न्यायालय म्हणालं, मिरवणूकच नाही तर करारात राम उरला नाही, ५० द्यायची गरज नाही. पुढच्याच वर्षी चँडलर नावाच्या दुसऱ्या गृहस्थाचं प्रकरण आलं. १४१ पौंड १५ शिलिंगांपैकी १०० भरलेले, बाकीची रक्कम मिरवणूक रद्द व्हायच्या आधीच देय झालेली. त्याचे १०० तर परत मिळाले नाहीतच, उरलेलेही भरावे लागले. कारण तेच, राजाही तोच. फरक पडला तो पैसे कधी देय होते यावर. हा नियम फारच जाचक म्हणून इंग्लंडने पुढे १९४२ च्या निकालाने आणि १९४३ च्या कायद्याने तो बदलला. पण हप्त्याची तारीख काय करू शकते, ते यातून दिसतं.

तुझ्या बाबतीत तर एवढाही आधार नाही. राजा आजारी पडला तर मिरवणूकच निघत नाही. तुझ्या घरी कोणी आजारी पडलं तरी हॉटेलचं दालन उघडंच असतं, ते आपल्या बाजूने करार पाळायला तयार असतात. म्हणून रद्द करणारे तुम्ही ठरता. याची दुसरी बाजूही बघ. त्या प्रदेशात वादळाची किंवा बंदीची खरीच शक्यता दिसत असेल, तर घाईने पहिलं पत्र आपण पाठवायचं नाही. करोनाच्या वेळी, २०२० च्या मार्चमध्ये, घाबरून आठवडाभर आधी रद्द करणारे आणि सरकारी आदेशाची वाट पाहणारे, यांच्या हातात पडलेले पैसे फार वेगळे होते. घाई कधी आणि सबुरी कधी, हे तक्ता आणि परिस्थिती शेजारी ठेवूनच कळतं.

म्हणून मग सगळे म्हणतात, रद्द नको, पुढे ढकलू. ऐकायला हे फुकट वाटतं. मी तरी पुढे ढकलण्याला नवा करार समजतो, आणि तोही तुमची बाजू लंगडी असतानाचा. नव्या तारखेचा दर नव्या हंगामाचा लागतो, फरक तुम्ही भरायचा. जुनी अनामत वळती होते की तिचा काही भाग ‘बदल शुल्क’ म्हणून कापला जातो, ते विचार. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न याच्या पुढचा आहे: नवी तारीखही मोडावी लागली तर दिवस कोणत्या तारखेपासून मोजणार? काही करारांत असं लिहिलेलं असतं की एकदा तारीख बदलली की पुढे रद्द केल्यास पूर्ण रक्कम जप्त. म्हणजे आज ५० टक्के देऊन सुटला असतात, ते वर्षभराने १०० द्यायला बांधले जाता. शस्त्रक्रियेनंतर माणूस किती दिवसांत प्रवासाला उठेल, याचा डॉक्टरही छातीठोक शब्द देत नसतील, तर नवी तारीख ‘घेऊन ठेवणं’ मला पटत नाही. एक तर ती पुरेशी लांब घ्या, नाहीतर घेऊच नका.

खोल्यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो बहुतेक घरांत कोणी वाचलेलाच नसतो. पाहुण्यांसाठी ४० खोल्या ३ रात्रींसाठी धरल्या असतील, तर त्या १२० रात्री झाल्या. करारात ८० टक्के भरण्याची हमी असेल तर ९६ रात्री तुमच्या माथ्यावर. तारीख तीच ठेवून बरेच पाहुणे गळाले आणि ७० रात्रीच विकल्या गेल्या, तर उरलेल्या २६ रात्रींचं भाडं तुम्ही द्यायचं. म्हणून ‘करू तिथेच, पण छोटं करू’ हा सुवर्णमध्य कधीकधी सगळ्यात महाग निघतो. मात्र हमी नसलेला, नुसत्या सवलतीच्या दराने राखलेल्या खोल्यांचा गट असेल, तर न विकलेल्या खोल्या हॉटेल मुदतीनंतर परत घेतं आणि तुम्हाला तोशीस नसते. तुमचा प्रकार यातला कोणता, ते आजच बघ. आणि रद्द केलेल्या खोल्या हॉटेलने दुसऱ्याला विकल्या तर तेवढी रक्कम आमच्या दंडातून वजा करा, अशी लेखी मागणी कर. कलम नसलं तरी मागायला काय जातं? हंगामाची तारीख असेल तर बरेच जण ऐकतात.

पाहुण्यांनी काढलेली विमानाची तिकिटं ही तुझी कायदेशीर जबाबदारी नाही, मनाला मात्र ती टोचेल. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पैसे परत मिळतात. युरोपात २६१ क्रमांकाच्या नियमाने, अमेरिकेत २०२४ च्या नियमाने; तिथे आंतरराष्ट्रीय उड्डाणाची वेळ सहा तास किंवा त्याहून जास्त सरकली आणि प्रवाशाने ते नाकारलं तरी परतावा आहे. पण लग्न पुढे गेलं आणि विमान वेळेवर उडालं, तर रद्द करणारा प्रवासीच असतो. त्यांना एवढंच सांग की तिकीट लगेच रद्द करू नका, आधी तारीख बदलून मिळते का ते विचारा. निर्णय झाला की त्याच दिवशी सांग, कारण त्यांच्याही पायऱ्या चालू असतात. ग्रुपवर ‘तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ’ असं भिडेखातर लिहू नकोस. ज्यांना खरंच द्यायचं आहे त्यांना एकेकाला, गुपचूप दे.

विमा काढला आहे म्हणालास, फार बरं. पण हॉटेलला पत्र जाण्याआधी विमा कंपनीला कळव. आधी कळवलं नाही, या एका कारणावर दावे अडतात. पॉलिसीत ‘जवळचा नातेवाईक’ कोणाला म्हटलंय ते वाच. आत्या, आजोबा, होणारे सासरे प्रत्येक पॉलिसीत बसतातच असं नाही. हा आजार पॉलिसी घेण्याआधीचा असेल तर तो बहुधा वगळलेला असतो, त्यामुळे निदानाची तारीख असलेला कागद हवा. मन बदललं म्हणून लग्न मोडलं तर सर्वसाधारण लग्नविमा काही देत नाही. कोणत्याही कारणासाठी रद्द करता येईल असं प्रवासविम्याचं महागडं कलम असतं, तेही साधारण ५० ते ७५ टक्केच देतं आणि पहिलं पेमेंट केल्यावर थोड्या दिवसांतच घ्यावं लागतं. आता धावपळ करून ते मिळणार नाही. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी चालत नाही, तसंच हे.

परताव्याऐवजी ‘क्रेडिट’, म्हणजे त्यांच्याकडेच पुढे वापरायची जमा, देऊ केलं तर दोन गोष्टी बघ, मुदत आणि समोरच्याची प्रकृती. क्रेडिट म्हणजे तुम्ही त्या व्यवसायाला दिलेलं बिनव्याजी, बिनतारण कर्ज. २०१९ च्या २३ सप्टेंबरला ब्रिटनमधली थॉमस कुक ही १७८ वर्षांची सहल कंपनी एका रात्रीत बुडाली. परदेशातली लग्नंही ती लावून देत असे. ज्यांचं पॅकेज विमानासह सरकारी संरक्षण योजनेत होतं, त्यांना पैसे मिळाले. बाकीचे रांगेत उभे राहिले. लहान नियोजकाकडे तर अशी योजनाही नसते. रोख ७० परत मिळत असतील आणि क्रेडिट १०० चं असेल, तर मी डोळे झाकून ७० घेईन. पैसे परकीय चलनात गेले असतील तर परत येताना त्या दिवसाचा दर लागेल, आणि कार्डाचं चलन शुल्क सहसा परत येत नाही, तेही धर.

नियोजकाच्या फीवरून घासाघीस करू नकोस. त्याचं बरंचसं काम लग्नाच्या आधीच होतं, तुमच्या बाबतीत ते झालेलं आहे. शिवाय पुढचे आठ दिवस इतर सगळ्यांशी बोलायला तोच लागणार आहे. छायाचित्रकार, सजावटवाले यांची अनामत ही राखून ठेवलेल्या तारखेची किंमत असते. तारीख दुसऱ्याला गेली तर काही परत कराल का, एवढंच विचारावं. हो, तिथे कायदेशीर विवाहनोंदणी करणार असाल तर अविवाहित असल्याचा दाखला बऱ्याच देशांत तीन किंवा सहा महिनेच चालतो. तारीख लांबली की तो दाखला, त्याचं अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन), भाषांतर, सगळं पुन्हा करावं लागेल. रक्कम लहान असते, हेलपाटे मोठे.

रविवारपर्यंत एक काम कर. प्रत्येक करार समोर घेऊन एका कागदावर पाच रकाने आख: आजवर भरलेले, आज रद्द केलं तर एकूण जाणारे, पुढची पायरी कोणत्या तारखेला, ती ओलांडल्यावर जाणारे, आणि तारीख बदलली तर नव्याने लागणारे. सगळं एकाच चलनात. तोवर कुठल्याही विक्रेत्याला फोनवर ‘आम्ही रद्दच करतोय’ असं म्हणू नकोस. ‘कराराप्रमाणे आमच्यापुढचे पर्याय लेखी कळवा’ एवढंच मेलवर विचार. कागद तयार झाला की मला फोटो पाठव. सोमवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. तुम्ही दोघंही फोनवर असा, एकटा नको. आणि जमलं तर ज्यांनी सही केली आहे त्यांनाही बसव.

तुझा,
काका