पुस्तक परत करताना सगळ्या नुसतं 'छान आहे' म्हणतात, काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दापोली, गुहागर, चिपळूण मिळून तुम्ही सहा मैत्रिणी एकमेकींना पुस्तकं सुचवता आणि पाठवता, पण परत करताना 'छान आहे' यापुढे कोणी बोलत नाही. आणि पावसाळ्यात पुस्तकं फिरवावीत का, हे दुसरं. पहिल्यात दोष वाचणारीचा नसतो, सुचवणारीचा असतो. आमच्या गटात हे मी किती वर्षं सांगते आहे.

आमच्याकडे श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' फिरलं. दोन खंड, हजारावर पानं, जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या. जूनच्या सुरुवातीला दोन्ही खंड एकाच पिशवीत दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरले, सोबत निरोप: 'हे वाचलं नाहीस तर पेंडसे वाचलेच नाहीस.' पाच घरं करून दसऱ्याला परत आले. पाचही जणी 'छान' म्हणाल्या. पुस्तक वेगळंच सांगत होतं. पहिल्या खंडाचा कणा शंभरेक पानांपर्यंत सैल, तेवढ्याच पानांच्या कडा हाताळून मऊ झालेल्या, पुढे सगळं कोरं. दुसरा खंड उघडलेलाच नाही. आणि दोन्हींवर, प्लास्टिकच्या कव्हरच्या आत, कण्यालगत हिरवट बुरशी.

असा निरोप मिळाल्यावर 'मला जमलं नाही' असं कोण म्हणेल? 'छान आहे' हे त्या निरोपाला दिलेलं उत्तर होतं, पुस्तकाला नव्हे.

पुस्तकाबरोबर चिठ्ठी द्यायची, पोस्टकार्डाएवढी, तीन ओळींची. हे तुलाच का देते आहे, कुठे अडशील, आणि कुठवर धीर धरायचा. 'तुंबाड'वर असं लिहावं: नावं फार आहेत, वंशावळ सोबत ठेवली आहे, दीडशे पानांपर्यंत मन लागलं नाही तर बिनदिक्कत परत पाठव. वंशावळ अर्ध्या फुलस्केपवर पेन्सिलने काढायची, फक्त नाव आणि नातं. कोण कधी गेलं, कोणाचं काय झालं ते लिहायचं नाही, नाहीतर कागद उघडताच कथा फुटते. दुसरा खंड वाचणारीने मागितल्याशिवाय पाठवायचा नाही. दोन्ही एकदम आले की तो ढीग बघूनच माणूस दडपतो.

परतीच्या चिठ्ठीतही तीनच ओळी. कोणत्या पानावर थांबले, कोणाचं वागणं पटलं नाही, कोणता शब्द विचारावा लागला. आणि ती मालकिणीकडे जाणार नाही, पुढच्या वाचणारीकडे जाईल. मालकिणीने सगळ्यात शेवटी वाचायची. ही एवढी अदलाबदल केली की भीड मोडते. ज्याचं पुस्तक त्याच्याच तोंडावर नावडलं म्हणायला आपल्याकडे जीभ उचलत नाही.

'तुंबाड'बद्दल तर बोलायला हवंच होतं. खोत गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायचा, आणि त्या अधिकारावर कुळांवर हुकमत चालवायचा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. म्हणजे आपल्या आजोबांच्या आठवणीतली गोष्ट. आमच्या पाच जणींत कोणाचे आजोबा खोत होते, कोणाचे कूळ. एकच पान या दोन घरांत सारखं वाचलं जाणं शक्य नाही. तो फरक ऐकायला मिळाला असता तर पुस्तक फिरवल्याचं सार्थक झालं असतं. 'छान'खाली तो गाडला गेला.

निरोप लिहिणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं, हाती घेतलेलं पुस्तक संपवावंच, अर्धवट टाकणं हा लेखकाचा अपमान. मला हे मुळीच मान्य नाही. एकशे दहाव्या पानावर पाच जणी थांबल्या, ही त्या पुस्तकावरची पाच खरी मतं होती आणि ती लाजेपोटी वाया गेली. पेंडसे सुरू करायचे तर 'गारंबीचा बापू' (१९५२) द्या, एक माणूस धरून पुढे जाता येतं. मग 'रथचक्र' (१९६२). 'तुंबाड' (१९८७) तिसरं. तिला हे तेव्हाच सांगितलं होतं.

आता बुरशी. इथेही तिचाच हट्ट होता की पावसात प्लास्टिकचं कव्हर हवंच. चुकीचं आहे. कागद हवेतला दमटपणा पितो, प्लास्टिकमुळे तो बाहेर पडत नाही, कण्याच्या खाचेत साचतो आणि तिथेच बुरशी धरते. खाकी कागदाचं कव्हर घाला, सेलोटेपशिवाय, नुसतं दुमडून. प्लास्टिकची पिशवी फक्त प्रवासापुरती. पोचल्यावर लगेच बाहेर काढून पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी पसरून अर्धा दिवस पंख्याखाली. उन्हात नाही, पुठ्ठा वाकतो. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी आहेत, बुरशीला त्यांचा उपयोग नाही. ओला कडुनिंब तर उलट ओल आणतो आणि डाग पाडतो.

बुरशी दिसली की ओली असताना पुसायची नाही, फासली जाऊन कागदात मुरते. आधी पूर्ण वाळवा, मग अंगणात नाकाला फडकं बांधून मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झाडा. ते पुस्तक महिनाभर बाकीच्यांपासून दूर. भिजलंच तर दर दहा-पंधरा पानांत टिपकागद, दोन-दोन तासांनी बदलायचा. चकचकीत कागदाची पानं मात्र वाळायच्या आत एकेक सुटी करावी लागतात, नंतर सुटत नाहीत. दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी तिथेच थांबते, मग सवडीने वाळवा. तुमच्यातल्या चिपळूणच्या मैत्रिणीकडे जुलैत पुस्तकं असतील तर ती वरच्या मजल्यावर हवीत. २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात काय झालं ते तिला सांगायला नको.

'कोकणावरची पुस्तकं' अशी एकच यादी मात्र करू नका. पेंडशांची दापोली, जयवंत दळवींचं आरवली आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचा 'कोंडुरा' ही वेगवेगळी माणसं आणि वेगळी बोली आहे. एक आवडलं म्हणून दुसरं आवडेल असं होत नाही. गप्पा व्हायलाच हव्या असतील तर 'पडघवली' फिरवा. जन्माने विदर्भातल्या परतवाड्याचे असलेल्या गो. नी. दांडेकरांनी तिथे कोकणातल्या बाईच्या तोंडून गोष्ट सांगितली आहे. 'आमच्याकडे बायका अशा बोलतात का' एवढा प्रश्न चिठ्ठीवर लिहा, कोणी गप्प बसणार नाही.

हे सगळं एकमेकींना ओळखणाऱ्या पाच-सहा जणींपुरतं. गट मोठा असेल तर चिठ्ठ्या हरवतात, तिथे वहीच ठेवा. घरात आजारपण असेल त्या मैत्रिणीला मुदत घालू नका. एरवी तीनशे पानांना तीन आठवडे पुरतात. आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की प्लास्टिकचं कव्हर घातलंत तरी माझी हरकत नाही; मृगाच्या आधी काढा.